पन्नासपैकी पन्नास

बुऱ्हाणपुरातल्या त्या इंग्रजी शाळेत तिसरीची मनीषा मॅडम म्हणून तिचं चांगलं बस्तान बसलं होतं. पोरं तिला भीत नसत आणि तरी ऐकत. गणित, परिसर, इंग्रजी, सगळं तीच शिकवायची. तिचं स्वतःचं शिक्षण मात्र नेपानगरला झालेलं. वडील हिरामण तिथल्या कागद कारखान्यात कामाला होते, त्या नोकरीपायी खानदेशातून उठून सगळं घर तिकडे गेलं होतं. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि इंग्रजी आलं ते सहावीपासून. तिसरीच्या पुस्तकातल्या इंग्रजीत तिला कुणी हरवलं नसतं. त्यापुढे पाणी किती खोल आहे हे तिने कधी उतरून पाहिलं नव्हतं, आणि तशी वेळही आली नव्हती.

ती वेळ अक्षय सरांनी आणली. अक्षय सर म्हणजे संस्थाचालकांचा मुलगा. बंगळुरूची नोकरी सोडून आले आणि दिवाळीनंतर डायरेक्टरच्या खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाई फार. एका गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं, की पुढच्या शनिवारी शिक्षकांची इंग्रजी शब्दांची परीक्षा आहे. पन्नास अवघड शब्द, समोर अर्थ लिहायचे. विषय कुठलाही शिकवत असा, परीक्षा सगळ्यांना.

"इसमें डरने की कोई बात नहीं है," ते म्हणाले. "बस, हमें पता चलेगा कि कौन किस क्लास के लायक है."

स्टाफरूममध्ये पीटीचे मधुकर सर म्हणाले, "मला दोनच येतात. अटेन्शन आणि स्टँड ॲट ईज. अर्थ विचारला तर उभा राहून दाखवीन." सगळे हसले. मनीषाही हसली, पण 'लायक' हा शब्द तिच्या कानात अडकून बसला होता.

कोपऱ्यात श्रीकांत सर दहावीच्या वह्या तपासत होते. नववी-दहावीचं इंग्रजी त्यांच्याकडे होतं, ते किती वर्षांपासून हे शाळेत कुणाला आठवत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "शब्द विचारताहेत ना, विचारू द्या. शब्दांनी कुणाचं वाईट होत नाही."

त्या दिवसापासून मनीषाच्या जिवाला चैन राहिली नाही. सायलीने तिच्या फोनवर शब्दांचं एक ॲप घालून दिलं. सायली तिची मुलगी, अकरावीला. मम्मीची परीक्षा घ्यायला मिळते म्हणून तिला भारी हुरूप. मनीषा वरणाला फोडणी घालायची आणि सायली ओट्याला टेकून विचारायची.

"परफंक्टरी."

"उरकल्यासारखं. वरवरचं."

"गुड. ऑबस्ट्रेपरस."

"आरडाओरडा करणारा. कुणाला न जुमानणारा."

"क्वेरुलस."

मोहरी तडतडून करपायला लागली.

"मम्मी, कल ही तो बताया था. सतत कुरकुर करणारा. आपली नागझिरीची आत्या."

मग आत्यामुळे तो शब्द लक्षात राहिला, पण आदल्या दिवशीचे दोन निसटले. असंच चाललं होतं. एक आत आला की एक बाहेर. भांडी घासून झालेली असायची तरी ती पुन्हा मांडणीवरचे डबे उतरवून पुसायला घ्यायची. पोळी लाटताना पुटपुटायची. नंदकुमार, तिचा नवरा, शनवारा बाजारातलं कापडाचं दुकान बंद करून घरी यायचा तेव्हा ताटात मीठ वाढायचं राहिलेलं असायचं.

"अगं, नापास झालीस तर काय फाशी देणार आहेत का?" तो म्हणाला.

"तिसरी काढून घेतील."

"घेऊ दे. दुसरी देतील."

"तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली. आणि खरं तर तिलाही नीट कळत नव्हतं. एवढ्या वर्षांत आपल्याला कुणी तोलायला घेतलं नव्हतं. आता तागडं लटकलेलं दिसत होतं, आणि आपलं वजन किती भरेल याचा तिला मुळीच भरवसा नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, शिक्षकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. ग्रुप डायरेक्टर नसलेला, त्यांचा त्यांचा. फोटो किरण मॅडमने टाकला होता. किरण कॉम्प्युटर शिकवायची आणि मनीषाच्याच स्कूटीवर मागे बसून शाळेत यायची. ऑफिसच्या झेरॉक्स मशीनमध्ये एक पान राहून गेलं होतं, ते तिला सापडलं. पन्नास शब्दांचं पान.

मनीषाने फोटो उघडला आणि लगेच बंद केला. गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढून आणले, घड्या घातल्या. त्यातला एक शर्ट दोनदा घडी केला. मग फोन पुन्हा हातात घेतला. वाचलं तर पन्नासांतले आठ-नऊ ओळखीचे. बाकी सगळे परके.

तिने शब्द एका कागदावर उतरवून घेतले, फोटो पुसून टाकला आणि फोन बंद करून कपाटात साड्यांच्या खाली सरकवला, जणू तो कुणाला जाऊन सांगणार होता. मग सायलीला हाक मारली.

"हे एवढे घे माझ्याकडून."

सायलीने कागद पाहिला. "हे कुठून आले?"

"शाळेतूनच दिलेत. सरावाला."

पोरीने पुढे विचारलं नाही. दोघी जेवणापर्यंत बसल्या. सायलीने एकेका शब्दाला एकेक नातेवाईक चिकटवला. मामा लॅकोनिक, कारण तो दोन शब्दांवर बोलत नाही. शेजारचे काका इन्क्रीडुलस, कारण त्यांना कशावर विश्वासच बसत नाही. पुसिलॅनिमसला कुणी सापडेना. भित्रा, कच्च्या काळजाचा. "ते मी असंच लक्षात ठेवते," मनीषा म्हणाली.

शनिवारी ती वर्गात बसली आणि पेपर समोर आला. तेच पान. एकेक अर्थ आपोआप उतरत गेला. एकही जागा कोरी राहिली नाही. शेजारच्या रांगेत किरण पेनाचं टोपण चावत बसली होती, तिच्या पेपरात मात्र मधेमधे जागा कोऱ्या दिसत होत्या. मनीषाला त्याचं नवल वाटलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर अक्षय सर माईकपाशी आले. शाळेतली सगळी पोरं रांगांत उभी. त्यांनी निकाल वाचला नाही, फक्त एक नाव वाचलं. "मनीषा मॅडम. फिफ्टी आउट ऑफ फिफ्टी." पोरांनी टाळ्या वाजवल्या, तिसरीच्या पोरांनी तर उड्याच मारल्या. मनीषाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

स्टाफरूमच्या दारातच किरणने तिला बाजूला ओढलं.

"मॅडम, तुम्ही माझा दुसरा मेसेज नाही वाचला का?"

"कोणता?"

"अहो, सगळ्यांनी चार-पाच चुकवा म्हणून टाकला होता. वेगवेगळे. सगळ्यांचे सारखे मार्क आले तर कळेल ना त्यांना."

मनीषाने तोंडावर हात ठेवला. फोन तेव्हा साड्यांखाली होता, आणि नंतरही भीतीने तिने तो ग्रुप उघडला नव्हता.

बाकी सगळ्यांना चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास मार्क होते. फक्त श्रीकांत सरांना एकतीस. रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातांना आणि गुलाबाच्या फुलांना कंटाळून त्यांनी मागेच तो ग्रुप सोडला होता. फोटो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ते एकतीस त्यांचे स्वतःचे होते, आणि शाळेत सगळ्यांत कमी होते.

दुपारी नोटीस लागली. नववी-दहावीचं इंग्रजी मनीषा मॅडमकडे. श्रीकांत सर सहावीला. तिसरी नव्याने शिकवायला लागलेल्या एका मुलीला.

मनीषा डायरेक्टरच्या केबिनमध्ये गेली. "सर, मला तिसरीच बरी. मोठ्या वर्गांचं मला जमणार नाही."

"मॅडम, ये आपकी ह्युमिलिटी है," अक्षय सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. इतक्या दिवसांत आपल्याला काहीतरी सापडलं, असा. "इतने साल आपको तीसरी में बिठाके रखा, ये स्कूल की गलती है." त्या आनंदापुढे तिचं अवसान गळालं. ती बाहेर आली.

श्रीकांत सरांनी दहावीच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात ठेवली. "व्याकरण झालंय. पत्रलेखन राहिलंय," ते म्हणाले. जायला वळले आणि थांबले. "एक विचारू? पुसिलॅनिमस तुम्ही कसा लक्षात ठेवला? मला येत होता. चांगला येत होता. ऐन वेळी आठवलाच नाही."

"असाच राहिला," ती म्हणाली.

आगीतून निघून फुफाट्यात पडावं तसं झालं. आधी शब्द येत नाहीत म्हणून झोप उडाली होती, आता येतात असं सगळ्यांना वाटतंय म्हणून. नंदकुमारने मावा जलेबी आणली आणि दुकानाच्या शेजाऱ्यांना वाटली. नेपानगरहून आप्पांचा, म्हणजे हिरामणचा, फोन आला. "मी साऱ्या कॉलनीले सांगितलं," ते म्हणाले. "आपल्या मिलच्या कागदावर इंग्रजी पेपर छापायचे, अन् आता माही पोरगी इंग्रजीत पहिली." सायलीने मैत्रिणींना सांगितलं, की मम्मीला मीच तयार केलं. मनीषा प्रत्येकापुढे हसायची आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची. एका जागी तिला बसवेना. टीव्ही लावायची, बंद करायची. गाडी काढून भाजीला जायची आणि भाजी न घेताच परत यायची.

दहावीच्या वर्गात तिने पत्रलेखन घेतलं. पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची सोनाली नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, एक वर्ड पूछूं?" तिने फोनवरून शोधून आणलेला असणार. "सेस्क्विपेडेलियन."

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. खोडी नव्हती त्यांच्या डोळ्यांत, कौतुक होतं. तेच तिला सोसेना.

"डिक्शनरीत बघ आणि उद्या मला सांग," ती म्हणाली. "सगळं मीच सांगितलं तर तुम्ही काय शिकणार?"

पोरांना ते फार आवडलं. सोनालीने दुसऱ्या दिवशी अर्थही सांगितला, लांबलचक शब्दांचा शौकीन. मनीषाने मान डोलावली, जणू तिला आधीपासून ठाऊक होता. वर्गाबाहेर पडताना तिला वाटलं, खोटं बोलणं सोपं आहे. ते पचवायला मात्र दगडाचं पोट लागतं.

आणि मग अक्षय सरांनी पालकसभेचा बेत सांगितला. रविवारनंतरच्या मंगळवारी पालक येणार, तेव्हा पडद्यावर कॉम्प्युटर एकेक अवघड शब्द दाखवील आणि मनीषा मॅडम स्टेजवरून अर्थ सांगतील. "लाईव्ह. पेरेंट्स को दिखना चाहिए कि हमारे टीचर्स क्या हैं."

रविवारी दुपारी तिने स्कूटी काढली आणि राजपुऱ्यात श्रीकांत सरांच्या घरी गेली. आपण का जातोय हे तिने ठरवलेलं नव्हतं. वाटेत दोनदा वळावंसं वाटलं. अलकाताईंनी, सरांच्या बायकोने, दार उघडलं आणि वर गच्चीवर पाठवलं. सर उन्हात सतरंजीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. तिला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. ती बसली आणि तीही शेंगा सोलायला लागली. हाताला काहीतरी काम हवंच होतं.

"कसा आहे वर्ग?" त्यांनी विचारलं.

"सर, तो पेपर मला आदल्या दिवशी मिळाला होता."

सरांचा हात थांबला नाही. एक शेंग सोलून झाली, दाणे पातेल्यात पडले.

"तुम्हाला एकट्यांना?"

"नाही. ग्रुपवर आला होता. सगळ्यांना."

"मधुकरला पण?"

"हो."

सरांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. "मधुकर माझ्या मागे बसला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, बिचाऱ्याला काही येत नसेल. मी हळूच दोन शब्द सांगितले त्याला. तो पण नको म्हणाला नाही."

मनीषा पातेल्यातले दाणे उगाच चाळत राहिली.

"मला का नाही पाठवला?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची तिने तयारी केलेली नव्हती. ते रागावतील, डायरेक्टरकडे जाऊ म्हणतील, तिला काहीबाही बोलतील, असं सगळं तिने मनात करून पाहिलं होतं.

"तुम्ही ग्रुपमध्ये नाही, सर."

"फोन तर आहे ना माझा. फोन लागतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बदलला होता. "पाठवला असता तर मी बघितला असता का, ते मलाही सांगता येत नाही. कदाचित बघितला असता. पण एकाला तरी आठवायला हवं होतं, की अरे, श्रीकांत राहिला. इतकी वर्षं एका खोलीत चहा पितो आपण."

"चुकलं, सर."

"निकाल लागल्यापासून मी हेच घोकत बसलोय, की डोकं चालेनासं झालं आपलं. अलकाला म्हणालो, रिटायर होतो म्हणून लिहून देतो." त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली. "आता तुम्ही काय करणार ते तुमचं तुम्ही बघा. मी कुणाकडे जाणार नाही. पण मला सांगून तुमचं ओझं उतरलं, असं मात्र समजू नका."

अलकाताई चहा घेऊन वर आल्या. मनीषाने तो कसाबसा प्यायला आणि निघाली. सर तिला सोडायला खाली आले नाहीत.

सोमवार तिने कसा काढला तिलाच ठाऊक. मंगळवारी सकाळी ती हॉलमध्ये गेली. अक्षय सर प्रोजेक्टरची वायर हातात धरून धावपळ करत होते.

"सर, मला तुमच्याशी बोलायचंय. आत्ता. तो पेपर—"

"मॅडम, नर्व्हसनेस नॉर्मल है. पानी पीजिए." आणि ते वायर ओढत निघून गेले. ती मागे गेली. तेवढ्यात पालक आत यायला लागले.

हॉल भरला. दापोऱ्याकडचे केळीवाले, शहरातले व्यापारी, ऑफिसातून तास-दोन तासांची सुटी काढून आलेले. दुसऱ्या रांगेत नंदकुमार दुकानावर माणूस बसवून आला होता. मागच्या भिंतीला लागून शिक्षक. श्रीकांत सरही होते, दाराजवळ, सहावीच्या पोरांना रांगेत धरून.

अक्षय सरांनी तिची ओळख करून दिली, माईक तिच्या हातात दिला, आणि पडद्यावर शब्द उमटला. ट्रुक्युलंट.

मनीषाने तो वाचला. अक्षरं ओळखीची, शब्द नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. लोकांना वाटलं, मॅडम गंमत करताहेत. अक्षय सरांनी पुढचं बटण दाबलं. सॅन्ग्विन.

"हाही माहीत नाही."

आता कुणी हसलं नाही. अक्षय सरांनी घाईघाईने तिसरा आणला. परफंक्टरी.

"हा येतो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला, तिसरीच्या वर्गातला. "परफंक्टरी म्हणजे काम उरकल्यासारखं करणं. मन नसताना, नुसतं झालं म्हणण्यापुरतं. घाईच्या दिवशी मी देवापुढे उदबत्ती फिरवते आणि लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं, ती पूजा परफंक्टरी. माझ्या मुलीने माझ्याकडून करून घेतलाय, म्हणून येतो." ती थांबली. माईक दोन्ही हातांनी धरला. "शनिवारच्या परीक्षेचे माझे पन्नास मार्क खरे नाहीत. पेपर मला आदल्या दिवशी मिळाला होता. मी पाठ केला. एकट्या माझं सांगते आहे मी, दुसऱ्या कुणाचं नाही. ज्या सरांच्या जागी मला बसवलं, त्यांना मार्क कमी आहेत, पण ते त्यांचे आहेत. मुलांना दहावीला तेच सर हवेत."

मागच्या भिंतीपाशी किरणने डोळे मिटून घेतले. नंदकुमार खाली बघत होता. अक्षय सरांनी येऊन माईक घेतला, काहीतरी हसून बोलले, आणि सहावीच्या पोरांचं गाणं आधी लावलं. मनीषा स्टेजच्या पायऱ्या उतरली तेव्हा हलकं काही वाटत नव्हतं. फक्त हाताला काहीतरी काम शोधावंसं आता वाटत नव्हतं.

सभेनंतर केबिनमध्ये अक्षय सरांचा पहिला प्रश्न होता, पेपर कुणी दिला.

"नाव मी सांगणार नाही, सर."

"फिर सारी जिम्मेदारी आपकी." ते चिडलेले होते, पण त्याहून जास्त उतरलेले होते. "मैंने आप पर भरोसा किया था, मॅडम."

"मी सकाळी सांगायला आले होते."

"सकाळी. और उससे पहले इतने दिन?"

मनीषा केबिनबाहेर आली.

आठवडाभरात सगळं ठरलं. दहावी श्रीकांत सरांकडे परत गेली. मनीषाला लेखी ताकीद मिळाली आणि वर्ष संपेपर्यंत केजी. तिसरी त्या नव्या मुलीकडेच राहिली. परीक्षा पुन्हा घ्यायचं अक्षय सरांनी एकदा बोलून दाखवलं आणि मग तो विषय त्यांनीच सोडून दिला.

स्टाफरूममध्ये ती आली की बोलणं थांबायचं. मधुकर सर तिच्याशी बोलेनासे झाले, तिने नाव घेतलेलं नसतानाही. चोराच्या मनात चांदणं. किरण बरेच दिवस रिक्षाने येत राहिली. मग एका सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी उभी दिसली, मनीषाने गाडी थांबवली आणि ती मागे बसली. श्रीकांत सर बोलायचे, पण पूर्वीसारखे नाही. कामापुरतं. कपाटाची किल्ली घेताना त्यांनी "थँक यू" म्हटलं, जे ते कधी कुणाला म्हणत नसत.

सगळ्यांत अवघड गेली ती सायली. तिने भांडण केलं नाही. एकदाच म्हणाली, "तू मला बोललीस, सरावाला दिलेत. मैंने सब फ्रेंड्स को बताया," आणि खोलीत निघून गेली. त्यानंतर हो, नाही, जेवले, जाते. मनीषा मनात म्हणाली, लॅकोनिक, आणि त्या शब्दाचाच तिला राग आला.

पुढच्या एका रविवारी ती नेपानगरला निघाली. आप्पांना फोनवर सांगायचं नव्हतं. सायलीला चल म्हणाली तर ती न बोलता चप्पल घालून तयार झाली. बसमध्येही खिडकीशीच बसली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग आता कोणता वर्ग?"

"केजी."

"लहान पोरं. रडत असतील."

"नवी मॅडम म्हणून पहिले रडली. आता राहायला लागलीत."

आप्पांनी मान हलवली. "मी तं साऱ्या कॉलनीले सांगून बसलो. पाटलाच्या घरी दोनदा सांगितलं."

"माहितीये, आप्पा."

ते गुडघे चोळत बसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. शेवटी उठले, पिशवी घेतली. "दूध संपलं. चाल, घेऊन येऊ."

तिघं निघाली. कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर सुपडू काका बसले होते, आप्पांच्या बरोबर मिलमध्ये होते ते. त्यांनी लांबूनच हात केला. "हीच का हिरामण, तुही इंग्रजीवाली पोरगी?"

आप्पा थांबले. पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. ती पुढे झाली.

"मीच, काका. पण ते मार्क खरे नव्हते."

"म्हंजे?"

"पेपर आधीच मिळाला होता मला."

सुपडू काकांनी आप्पांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बैस," ते म्हणाले, आणि बाकावरचं वर्तमानपत्र उचलून त्यांनी जागा केली. "काय झालं ते नीट सांग."

ती बसली. पहिल्यापासूनच सांगावं लागणार होतं. सायलीने आजोबांच्या हातातली पिशवी घेतली आणि दूध आणायला दुकानात गेली. परत आली तेव्हा घरी जाऊ या असं ती म्हणाली नाही. आईच्या बाजूला बाकाच्या कडेवर टेकली आणि ऐकत राहिली.